शेऱ्याचा रकाना

३ ऑक्टोबर. आजचं काम: माझ्या मागे जे हे प्रोग्रॅम सांभाळणार आहेत, त्यांच्यासाठी संदर्भ-टिपणं लिहून काढायची. साहेबांनी महिन्याभराची मुदत दिली आहे. मला चार दिवस पुरतील असं वाटलं होतं. सहा टिपणं झाली, सातव्यावर अडकले.

सहा टिपणं साधी आहेत. फाइलला नाव देताना ते उद्या दुसऱ्याला कळेल असं द्या. प्रोग्रॅममध्ये लागणारा प्रत्येक आकडा वर एका जागी लिहा आणि तिथून वापरा. एखादी ओळ निरुपयोगी वाटली तर पुसण्याआधी ती कुणी आणि कशासाठी लिहिली ते विचारा. माहितीचा तक्ता आखताना शेवटी शेऱ्याचा एक रकाना मोकळा ठेवा, जे कुठेच बसत नाही ते तिथे लिहिता आलं पाहिजे. अशी. सातवं टिपण असं: दुरुस्ती केली की जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली तारीख, आपलं नाव आणि कारण लिहा, गुपचूप दुरुस्ती करू नका. माझ्या हाताखालच्या नीलिमानं ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, बाकी सगळी 'करा' अशी आहेत. हे एकच एवढं रागानं का लिहिलंय?"

कारण तिनंच दिलं होतं. मागच्या आठवड्यात बसच्या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये तिची एक चूक निघाली. संध्याकाळी तिनं ती कुणाला न सांगता नीट केली. सकाळी साहेबांनी प्रोग्रॅम पाहिला, तो बरोबर होता, म्हणून आधी छापून गेलेल्या चुकीच्या वेळांबद्दल माहिती भरणाऱ्या पाटणेंना सर्वांसमोर झापलं. पाटणे दोन वर्षांत निवृत्त होतील. ते नुसते "पण मी तर—" एवढंच म्हणत राहिले. नीलिमानं मला खरं सांगितलं तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. तो राग तिच्या वाट्याचा नव्हता. तो चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि बारा वर्षांच्या एका मुलीवरचा होता. टिपणात हे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं, धानाचं आणि तलावाचं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि चांद्याला जाणं म्हणजे दोन दिवसांचं काम असे. घर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, पुढे ओसरी, मागे परसातली सांदवाडी. सकाळी जाग यायची ती उखळातल्या मुसळाच्या आवाजानं. माय धान कांडत असायची आणि तिचा श्वास त्या ठोक्यांबरोबर चालायचा. मग गुरं सुटायची, त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठकठक आवाज जंगलाच्या बाजूला विरत जायचा. न्याहारीला रात्रीच्या भाताची पेज आणि वाळवलेल्या झिंग्यांची चटणी. ही चटणी मायच्या हातची इतकी झणझणीत असे की बाबा पहिल्या घासाला डोळे मिटून घेत आणि म्हणत, "तुह्या मायनं मले मारायचं ठरोलं हाये." माय म्हणे, "मंग दुसऱ्यानं काऊन मागून राह्यले?" दुपारी भात आणि लाखोळीची डाळ. सणाला वडे, तेही लाखोळीचेच. मला या घराबद्दल हळहळ वाटत नाही. कवेलू दर वर्षी फेरावे लागत आणि सांदवाडीत साप निघत. पण ती चटणी मला कधी जमली नाही, हे खरं.

गावच्या वरच्या अंगाला तलाव. मातीची मोठी पाळ, तिच्यावर मोहाची झाडं. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात पाय टाकून उभं असावं तसं, दगडी तुडूम होतं. तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा: पायऱ्यांसारखं बांधकाम, त्यात वरपासून खालपर्यंत एकाखाली एक सात भोकं आणि प्रत्येक भोकात धानाच्या तणसानं गुंडाळलेला लाकडी खुंटा. पाऊस सरला आणि धानाच्या ओंब्या भरू लागल्या की वरून एकेक खुंटा काढायचा. त्या उंचीपर्यंतचं पाणी पाळीखालच्या नळातून बाहेर पडून कालव्यानं बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, जायचं. ते सरलं की पुढचा खुंटा. पहिला कधी काढायचा, कुठल्या अंगाच्या बांध्यांना आधी आणि किती दिवस पाणी द्यायचं, हे सगळं एका माणसाला माहीत होतं. डोमाजी ढिवर, आम्हा मुलांचे डोमाबाबा.

ढिवरांची दहा-बारा घरं पाळीच्या टोकाला होती. तलावातली मासोळी त्यांची, शेतांना पाणी सोडायचं काम डोमाबाबांच्या घराचं, हे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. डोमाबाबा उंच, काळेशार, पायांची बोटं पाण्यात राहून पसरलेली. त्यांच्याजवळ तेंदूची एक काठी होती, वरपासून खालपर्यंत खाचा पाडलेली. लांब खाच, आखूड खाच, तिरपी, दुहेरी. ते काठीकडे बघत नसत. अंगठा वरून खाली फिरवत आणि बोलत. त्या काठीत सातही खुंट्यांचा सगळा हिशोब होता.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचा झाला. तहसिलातून एक साहेब आले आणि म्हणाले, पाणी कसं सोडता ते कागदावर लिहून द्या, म्हणजे पुढे कुणाची तक्रार राहणार नाही. बाबा गावच्या पंचांमध्ये होते. बाबांना वाचता येई पण लिहिताना हात दुखे. गावात सुंदर अक्षर एकच होतं, ते माझं. शाळेच्या भिंतीवरचा सुविचार रोज मी लिहीत असे. बाबांनी बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली, शाईच्या गोळ्या आणल्या आणि मला डोमाबाबांकडे पाठवलं.

आठ दिवस मी शाळा सुटल्यावर पाळीवर जात होते. मोहाखाली ते बसत, समोर मी मांडीवर पाटी घेऊन; आधी पाटीवर आणि घरी येऊन वहीत. पहिल्याच दिवशी मी काठी हातात घेऊन म्हटलं, "डोमाबाबा, हे त उंदरानं कुरतडल्यावानी दिसते."

"उंदरानं नाई व, माह्या आज्यानं कुरतडली," ते म्हणाले. "पुढची माह्या बापानं. मी दोनच खाचा पाडल्या. तू किती पाडतं पाहू."

"मी खाचा नाई पाडत. मी लिवतो." आमच्याकडे मुलीही लहानपणी "मी लिवतो" असंच म्हणत.

"एकच हाये ते. तुह्या बापाले धान समजते, तुले अक्षर समजते, मले पाणी. तिघंही रिकामे नाई."

मी तक्ता आखला होता. आडव्या रेघा, उभ्या रेघा. पहिला रकाना खुंट्याचा क्रमांक, दुसरा दिवस, तिसरा कुठल्या बांध्या, चौथा पाणी कुठल्या बाजूनं वळवायचं. मास्तरांनी शिकवलं होतं की जे नेमकं सांगता येतं तेच लिहावं. चार खुंटे छान बसले. चौथ्याच्या खाली काठीवर एक बारीक, उथळ ओरखडा होता, खाच म्हणावी तर खाच नाही, चाकू घसरल्यासारखा. डोमाबाबांचा अंगठा तिथे थांबला.

"इथी थांबाचं," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"पाळ सांगते."

"पाळ कशी सांगन?"

ते उठले. पाळीच्या आतल्या उतारावर, जिथून पाणी नुकतंच खाली गेलं होतं तिथे, उजव्या पायाची टाच दाबली आणि उचलली. "पाह्य. टाचेत पाणी भरलं का? मंग पाळ पोटात पाणी धरून बसली हाये. तवा पाचवा काढला त समोरचा पाण्याचा टेका जाते आन् वरली माती खाली बसते. पाणी नाई भरलं त काढ. कधी दोन दिस, कधी पाच." मग मला म्हणाले, "ये, तू दाबून पाह्य."

मी गेले नाही. नव्या परकराला चिखल लागला असता. वरूनच "हो, हो" म्हटलं.

घरी येऊन वही उघडली आणि ते कुठे लिहावं ते कळेना. खुंट्याचा क्रमांक नाही, दिवसांचा आकडा नाही, बांधी नाही. माझ्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. 'टाच दाबून बघणे' असं लिहिलं तर तहसिलातले साहेब हसतील, असंही वाटलं. शेऱ्याचा रकाना मी आखला नव्हता, कारण असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. मी पाचव्या खुंट्याची ओळ लिहिली, सहाव्याची लिहिली, सातव्याची लिहिली. सात ओळी, एक पान, एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी डोमाबाबांना सगळं वाचून दाखवलं. चौथ्यानंतर मी पाचवा वाचला तेव्हा त्यांनी मान थोडी तिरपी केली. तेवढ्यात पाण्यात कुणाचं तरी जाळं अडकलं आणि ते ओरडत खाली गेले. परत आल्यावर मी पुन्हा वाचलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. काठी त्यांच्याजवळ होतीच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते की तक्त्यात बसत नाही म्हणून एखादी गोष्ट नसते असं होत नाही. ती मुलं मान डोलावतात. मीही डोलावली असती.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. वरच्या बांध्यांना पाणी मिळालं, कालव्याच्या शेपटाकडच्या बांध्या कोरड्या पडू लागल्या. आमच्या बांध्या शेपटाकडच्याच. धान दुधात होतं. ओंबी दाबली की पांढरा थेंब यायचा. बाबा रोज एक ओंबी तोडून आणत आणि ओसरीत बसून दाबून बघत. चौथा खुंटा सरला आणि डोमाबाबांनी काम थांबवलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेपटाकडचे सगळे शेतकरी पाळीवर जमले. मी बाबांची पेज घेऊन गेले होते.

"डोमाजी, पाचवा काढ," बाबा म्हणाले.

"नाई भाऊ. पाळ ओली हाये. अजून दोन-तीन दिस थांबा लागते."

"दोन-तीन दिसात धान वाळून जाईन. दर वर्षी थांबते का तू?"

"थांबतो ना भाऊ. तुमी पाहून नाई राह्यले, मी थांबतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "मासोळ्यायसाठी थांबून राह्यला असन. पाणी राह्यलं त त्यायचंच भलं हाये."

डोमाबाबांनी त्या बाजूला वळून बघितलं नाही. "मासोळ्या त मरतच नाई थांबल्यानं, आन् धान बी मरत नाई दोन दिसानं. पाळ गेली त दोनी जाईन."

तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. "बाई, वहीत काय लिवलं हाये? चौथ्यानंतर थांबाचं लिवलं हाये का?"

वही मला तोंडपाठ होती. मी म्हटलं, "नाई."

"डोमाजीनंच लिवून देल्लं ना?"

"हो."

बाबांनी हात पसरले. "झालं त मंग. सरकारी कागदात नाई ते कायले थांबतं? काढ."

डोमाबाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आपलं काहीतरी हरवलंय आणि ते समोरच्याजवळ आहे का, असं बघतात तसं. मी पेजेचं पातेलं खाली ठेवलं. मी म्हणू शकले असते, बाबा, त्यांनी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. एवढंसं वाक्य होतं. पण वहीची तारीफ साऱ्या गावात झाली होती, मास्तरांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती, आणि दोन दिवसांचा काय फरक पडणार असं मलाही वाटत होतं. डोमाबाबांनी काठी तुडुमाच्या दगडावर ठेवली, पायऱ्या उतरले आणि पाचवा खुंटा काढला. नळातून हुंदका आल्यासारखा आवाज झाला आणि पाणी कालव्याला लागलं. लोक कालव्याबरोबर शेपटाकडे धावत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गुरं सुटायच्या आधी, पाळ बसली. मोठा आवाज झाला नाही. ओली माती घसरते तसा, पोतं ओढल्यासारखा. आतला उतार तुडुमासकट खाली सरकला, दगड निखळले आणि तिथून पाणी मोकाट सुटलं. दुपारपर्यंत तलावाचा तळ दिसू लागला. जवळच्या बांध्यांतलं धान लोळलं, शेपटाकडे गाळ पोचला, पाणी तिथे टिकलं नाहीच. मासोळी सगळी शेतांत. पोरंसोरं, बायामाणसं टोपल्या घेऊन धावली. ढिवरांच्या बाया पाळीवर ओळीनं उभ्या होत्या. त्यांनी एकही मासोळी उचलली नाही. आमच्या घरी त्या दिवशी मरळ शिजली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

पण त्याआधी, दुपारी, सगळं घर पाळीवर गेलेलं असताना मी ओसरीतल्या कोनाड्यातून वही काढली; ती तहसिलात द्यायची अजून राहिली होती. गोळी विरघळवून शाई केली आणि आधी जुन्या कागदावर रेघ ओढून बघितली, रंग जुळतो का म्हणून. फिकी वाटली, अर्धी गोळी आणखी घातली. मग चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये, बारीक पण त्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं: 'चौथ्यानंतर दोन दिवस थांबणे.' ओळ अशी बसली की ती पहिल्यापासून तिथेच होती असं वाटावं. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. माझी चूक नीट करायची होती, बस. वही बरोबर झाली की सगळं बरोबर होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि ती ओळही बरोबर नव्हतीच. दोन दिवस हे मी माझ्या मनानं लिहिलं. डोमाबाबांनी आकडा सांगितलाच नव्हता.

चौथ्या दिवशी तहसिलातले साहेब आले. शाळेच्या ओसरीत त्यांना खुर्ची दिली, गाव अंगणात बसलं. साहेब नागपूरकडचे, बोलणं सौम्य. त्यांनी विचारलं, "पाचवा खुंटा कुणी काढला?"

डोमाबाबा उभे राहिले. "मी काढला साहेब. पण मी थांबा मनलो होतो. वहीत थांबाचं नाई मनून सांगतलं मंग काढला."

"वही आणा."

बाबांनी वही दिली. साहेबांनी पान उघडलं, बोट ओळींवरून फिरवलं, आणि थांबले. जिथे काठीवर डोमाबाबांचा अंगठा थांबत असे, तिथेच. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चौथ्यानंतर दोन दिवस थांबणे."

मी बाबांकडे बघत होते. बाबांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं, मग ते माझ्याकडे वळले, आणि मग त्यांना कळलं. ते मला स्पष्ट दिसलं. पाळीवर खुंटा काढायला कुणी लावला हे साहेबांनी अजून विचारलं नव्हतं. बाबांनी नजर खाली घेतली आणि धोतराच्या काठावरचं कुसळ काढत बसले.

"इथे तर स्वच्छ लिहिलं आहे," साहेब डोमाबाबांना म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता वहीत नव्हतं?"

"पोरीनं मले वाचून दाखोली तवा हे नव्हतं साहेब. पाळीवर बी ते 'नाई' मनली."

साहेबांनी मला पुढे बोलावलं. "बाळ, ही वही तू लिहिलीस? फार सुंदर अक्षर आहे. ही ओळ कधी लिहिलीस?"

मी म्हटलं, "सगळी वही एकदाच लिहिली."

तेवढं वाक्य मी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हटलं. अजून कानात आहे.

डोमाबाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असन मंग. पोरगी कायले लबाड बोलन? मलेच आयकू नाई आलं असन." आणि खाली बसले. त्यांनी हे मला वाचवायला म्हटलं, की लिहिलेलं आहे म्हटल्यावर त्यांना खरोखर स्वतःवर शंका आली, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझं गणित बदलत नाही. पाळीवर मासोळ्यांचं बोललेला शेतकरी मागून म्हणाला, "पाह्य, लबाड कोण हाये ते," आणि दोघं-तिघं हसले. ज्यांनी पाळीवर माझं "नाई" ऐकलं होतं, त्यांच्यातलं कुणीही उठलं नाही. सगळे शेपटाकडचे होते.

पाणी सोडायचं काम डोमाबाबांच्या घरातून काढून आमच्या चुलतघरी देण्यात आलं. साहेब जाताना म्हणाले, "मुलीची वही होती म्हणून खरं कळलं." त्यांनी बाबांना सांगितलं की हिला पुढे शिकवा. बाबांनी शिकवलं. सिंदेवाहीला, मग नागपूरला, पोटाला चिमटा घेऊन. मी आज जी काही आहे त्याची सुरुवात त्या ओळीपासून आहे, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. बाबांशी मी या विषयावर कधी बोलले नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत. ते गेले तेव्हाही नाही. मायनं एकदा झिंगे वाटताना विचारलं होतं, "तवा शाईचं भांडं कोणं सांडलं होतं व ओसरीत?" मी म्हटलं, मांजरानं. ती वाटत राहिली.

डोमाबाबा काही दिवसांनी बल्लारपूरला मुलीकडे गेले. तिचा नवरा कागदाच्या कारखान्यात होता. डोमाबाबा आवारात बांबू उतरवायच्या कामाला लागले, असं ऐकलं. पाणी समजणाऱ्या माणसानं बांबू उतरवले. नोकरीसाठी मी कितीदा तरी बल्लारपूरवरून गाडीनं गेले. गाडी तिथे बराच वेळ थांबे. मी खिडकीतून चहा घेत असे आणि उतरत नसे. पुढे ते वारल्याचं कळलं, तेही वर्षानं.

नीलिमाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला घेऊन पाटणेंच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर बोलायला लावलं, साहेबांनाही बोलावून. ती रडली. पाटणेंनीच तिला पाणी दिलं. ती मला कठोर म्हणत असेल. म्हणू दे. सातवं टिपण जसं आहे तसंच राहील.

राहिली एक गोष्ट. साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. माय कांडत होती, तिला सांगितलं नाही. पाळीवर कुणी नव्हतं. तुडुमाचे दगड खाली पडलेले, तळात गाळाला भेगा पडायला सुरुवात झालेली. जो उतार खचला नव्हता, तिथे मी परकर गुडघ्यापर्यंत धरून उतरले आणि उजव्या पायाची टाच दाबली. पाच दिवस ऊन खाऊनही माती मऊ होती. टाच उचलली. खळगा क्षणभर कोरडा राहिला, मग चारी बाजूंनी पाणी आलं आणि तो भरला. मी तो काठोकाठ भरेपर्यंत बघत राहिले. मग पाय गवताला पुसला आणि शाळेत गेले. भिंतीवर सुविचार लिहायचा होता.